दोन वर्षांचें कॉलेज आणि संगणकविद्या

अमेरिकेंत शिकावयास जाणें म्हणजे एखाद्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळविणें, अशी समजूत सुशिक्षित घरांतून रूढ आहे. परंतु त्या देशांतील लक्षावधि माणसें ज्या दारानें उच्च शिक्षणांत शिरतात तें दार निराळेंच आहे. त्याला कम्यूनिटी कॉलेज म्हणतात. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर व जोलिएट गांवच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांच्या विचारांतून १९०१ सालीं इलिनॉय राज्यांत निघालेलें कॉलेज हें आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक संस्थांत सर्वांत जुनें होय.

येथें प्रवेशाला चाळणी नाहीं. हायस्कूल संपविलेला तरुण, दिवसां दुकानांत राबणारा चाळिशीचा गृहस्थ आणि मुलें शाळेंत गेल्यावर मोकळी झालेली गृहिणी हीं एकाच वर्गांत बसतात. कॅलिफोर्नियांत तेथील रहिवाश्यांना २०१२ पासून दर युनिटास ४६ डॉलर फी पडते; पदवीला साठ युनिटें लागतात, म्हणजे सारी फी २,७६० डॉलर. बाहेरच्यांना मात्र ती कितीतरी पटींनीं अधिक असते. पतीच्या नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी स्त्रियांना व्हिशाच्या नियमांमुळें नोकरी सहसा करतां येत नाहीं, शिकतां मात्र येतें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

माहिती-तंत्रविद्येच्या वर्गांत पुस्तकापेक्षां हाताला काम अधिक. संगणक उघडून त्याची स्मृतिपट्टी बदलणें, तारा व राउटर जोडून यंत्रांचें जाळें उभारणें, तें जाळें बिघडवून पुन्हा दुरुस्त करणें, डेटाबेसमधून हवी ती माहिती काढणें, चोरवाटेनें कोणी आंत शिरलें काय याचा माग घेणें, असा हा अभ्यास. ॲपल यंत्राचा कर्ता स्टीव्ह वॉझ्नियॅक हाहि कांहीं काळ कुपर्टिनो येथील डी ॲन्झा कॉलेजांत होता. पण असे दाखले देऊन मुलांना भुलवूं नये.

खरी मेख पदवीच्या नांवांत आहे. दोन वर्षांनीं मिळणारी असोसिएट पदवी दोन जातींची. ‘अप्लाइड सायन्स’ ही नोकरीसाठीं. नुसती ‘सायन्स’ ही पुढें विद्यापीठांत जाण्यासाठीं. दोहोंच्या वर्गांत बाहेरून फारसा भेद दिसत नाहीं. परंतु पहिल्या वाटेनें गेलेला विद्यार्थी पुढें विद्यापीठांत गेला, तर जाळें जोडण्याचे त्याचे कित्येक विषय तेथें धरले जात नाहींत, आणि संगणकशास्त्राला लागणारें कलनगणित त्यानें केलेलेंच नसतें. मग वर्ष-दीड वर्ष पुन्हा खर्ची पडतें. कम्यूनिटी कॉलेजांतून आरंभ करणाऱ्यांपैकीं सुमारें एक तृतीयांशच विद्यापीठांत पोंचतात व सहा वर्षांच्या आंत चार वर्षांची पदवी घेणारे सहांत एकच निघतात, त्याचें हें एक कारण. पैसा व नोकरीची ओढ हींहि आहेतच.

यासाठीं कॅलिफोर्नियानें ‘ॲसिस्ट’ नांवाचे तक्ते सर्वांना खुले ठेविले आहेत. कोणत्या कॉलेजांतील कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठांत धरला जातो, तें त्यांत पाहतां येतें. बहुतेक खासगी विद्यापीठांचा समावेश त्यांत नाहीं. तेथें ज्यानें त्यानें अगोदर पत्र लिहून विचारावें लागतें, आणि आलेलें उत्तर जपून ठेवावें लागतें.