खुबा नवा, झोप गुल!

हिप रिप्लेसमेंट झाली, एक्स-रे झकास आला, वॉकर घेऊन चालायलाही लागलात... पण रात्रीचं काय? ऑपरेशननंतरच्या जागरणांबद्दल कुणी फारसं बोलतच नाही. म्हणून हा स्वानुभव, आणि त्यातून कामी आलेल्या काही गोष्टी.

रात्रीचे २.४७. मोबाइलवर वेळ बघायची ही चौथी खेप. पंखा गरगरतोय, खाली वॉचमनची काठी आपटतेय, शेजारी बायकोचा आत्ता कुठे डोळा लागलाय. मी मात्र शवासनात! दोन पायांच्या मध्ये जाडजूड उशी, पायांत घट्ट पांढरे मोजे. कुशीवर वळायची परवानगी नाही. जरा सरकायचं म्हटलं, तरी आधी मनात पाच स्टेप्सचा प्लॅन करायचा. ऑफिसच्या रिलीजसाठी, गणपतीच्या सजावटीसाठी, वर्ल्ड कपच्या मॅचेससाठी आजवर ढिगाने रात्री जागवल्यात. पण झोपायची मनापासून इच्छा असताना जागं राहणं, ही वेगळीच शिक्षा आहे बॉस!

'छत्तिसाव्या वर्षी हिप रिप्लेसमेंट? ते तर आजोबांचं ऑपरेशन ना?' ऑफिसमध्ये प्रत्येकाचा हाच प्रश्न. माझाही तोच होता. जिना चढताना जांघेत कळ यायची. बाइकवर टांग टाकताना जीव जायचा. 'खुर्चीत बसून बसून होतं रे,' असं म्हणत वर्ष काढलं. शेवटी एमआरआय झाला आणि एव्हीएन हे तीन अक्षरी प्रकरण कळलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. या चेंडूचा रक्तपुरवठा तुटला, की हाड आतून मरत जातं आणि एक दिवस खचतं. जास्त काळ घेतलेली स्टिरॉइड्स, दारू, अपघात, सिकल सेल अशी बरीच कारणं असू शकतात. कोविडमध्ये स्टिरॉइड्स घेतलेल्या तरुण पेशंट्समध्येही एव्हीएन दिसत असल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं होतं. माझ्या बाबतीत कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. चेंडू मात्र खचला होता.

ऑपरेशनचं टेन्शन मी गूगल करून घालवलं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली आजच्या हिप रिप्लेसमेंटचा पाया घातला. २००७ साली 'लॅन्सेट'मधल्या एका लेखाने तर या ऑपरेशनला चक्क 'शतकातलं ऑपरेशन' म्हटलं. टेनिसपटू अँडी मरेने जानेवारी २०१९ मध्ये हिप रिसरफेसिंग करून घेतलं, म्हणजे चेंडू काढून न टाकता त्याच्यावर धातूची टोपी बसवून घेतली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली! मग काय, मीही हवेत. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभा राहिलो, चौथ्या दिवशी घरी आलो. आणि खरी परीक्षा सुरू झाली ती रात्री दहानंतर.

दिवसा वाघ, रात्री शेळी

दिवसा मी मजेत असायचो. व्यायाम, फोन, भेटायला येणारे लोक. रात्री दिवे मालवले, की मांडीत ठणका सुरू. नवीन सांध्यात काही बिघडलं तर नाही ना, असं वाटून घाम फुटायचा. फिजिओ मॅडमनी नंतर समजावलं, की हे अगदी कॉमन आहे. दिवसभर चालून-बसून पायावर सूज चढलेली असते. रात्री मन रमवायला काही नसतं, त्यामुळे सगळं लक्ष दुखण्याकडे. शरीराचं स्वतःचं सूज कमी करणारं हार्मोन, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं. शिवाय एकाच पोझमध्ये पडून राहिलं, की अंग आखडतंच.

वर एक दुष्टचक्रही असतं. दुखतं म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. म्हणजे झोप ही काही चैन नाही. रिकव्हरीतला तो औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

पाठीवर झोपायची सक्ती कशासाठी?

माझं ऑपरेशन मागच्या बाजूने चीर देऊन केलेलं. अशा वेळी सुरुवातीच्या आठवड्यांत सांधा निखळू नये म्हणून तीन नियम पाळायला सांगतात. कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. झोपेत हे भान कसं राहणार? म्हणून मध्ये उशी. मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवरची गादी, भारतीय पद्धतीचा संडास, सगळं बंद. पुढच्या बाजूने केलेल्या ऑपरेशनमध्ये किंवा काही नव्या सांध्यांमध्ये बंधनं कमी असतात. त्यामुळे 'माझ्या मामाला तर कुशीवर झोपायला सांगितलं होतं' हा फंडा इथे चालत नाही. तुमचे नियम तुमच्या सर्जननाच विचारा.

पाठीवर झोपण्याचा आणखी एक तोटा म्हणजे घोरणं वाढतं. ज्यांना स्लीप अॅप्निया आहे, म्हणजे झोपेत मध्येच श्वास अडतो, त्यांनी हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगायला हवं. काही पेनकिलर्सनी तो त्रास वाढू शकतो.

ती रात्र

पंधरावा दिवस. तोवर रात्री टॉयलेटला जायचं झालं, की मी बायकोला उठवत होतो. तिचं दिवसभर ऑफिस, संध्याकाळी माझं सगळं, वर रात्री दोन-तीनदा उठणं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसत होती. त्या रात्री ठरवलं, की आज उठवायचं नाही. वॉकर भिंतीपाशी, हात पोचेना. म्हटलं चार पावलं तर आहेत, आणि तसाच निघालो. बाथरूमच्या दारातलं पायपुसणं सरकलं, मी झोकांडलो आणि कडी हातात आली म्हणून वाचलो. दोन मिनिटं तसाच उभा, पाय लटलटतायत, हाकही मारवेना.

आवाजाने बायको उठलीच. ती काही बोलली नाही. वॉकर आणून दिला, मला परत आणून झोपवलं आणि मग उशीत तोंड घालून रडली. "तुला वाटतं मला झोपू देऊन तू उपकार करतोयस?" एवढंच म्हणाली. सकाळी आईने काही न विचारता घरातली सगळी पायपुसणी उचलून माळ्यावर टाकली.

दोन दिवसांनी चेकअप. सर्जननी टाके काढले, एक्स-रे बघितला, म्हणाले, "फर्स्ट क्लास! काही तक्रार?" मी सवयीने म्हणालो, "नाही डॉक्टर, सगळं ओके." तेवढ्यात बायको म्हणाली, "डॉक्टर, हा खोटं बोलतोय. हा झोपत नाही. आणि म्हणून मीही झोपत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढची दहा मिनिटं फक्त झोपेवर बोलणं झालं. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या ऑपरेशनपुढे झोपेचं रडगाणं काय गायचं! त्यांना मात्र ते ऐकायचंच होतं. मी सांगतच नव्हतो.

मग काय बदललं?

गोळ्यांचं टायमिंग : माझी रात्रीची पेनकिलर आठच्या जेवणाबरोबर व्हायची, म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर तिचा असर ओसरायचा. डॉक्टरांनी ती झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगितली. गोळी तीच, वेळ वेगळी, पण फरक जाणवला. हे त्यांना विचारूनच करायचं, मनाने डोस वाढवायचा नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर घरातली दुसरी कुठलीही पेनकिलर वरून घ्यायची नाही.

आईच्या डब्यातली झोपेची गोळी नको : हा मोह मलाही झाला होता. ट्रॅमाडॉलसारख्या पेनकिलरबरोबर झोपेची गोळी घेतली, तर श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली ओपिऑइड पेनकिलर आणि बेन्झोडायझेपिन गटातली औषधं एकत्र घेण्याबद्दल सगळ्यात कडक इशारा दिला होता. 'एक पेग मारला की झोप येईल' हा सल्लाही त्याच जातीचा. शिवाय अशा पेनकिलर्सनी दिवसा गुंगी येते, पण रात्रीची गाढ झोप उलट कमी होते. पोट साफ होत नाही ते वेगळंच!

दिवसाच्या डुलक्या : मी दिवसाला तीन-चार तास पेंगत होतो. आता दुपारी तीनच्या आत, फार तर अर्धा तास, तोही अलार्म लावून. सकाळचा चहा गॅलरीत, उन्हात. शरीराच्या घड्याळाला 'सकाळ झाली' हे कळायला उजेडासारखं दुसरं काही नाही. चारचा कडक चहा मात्र बंद. पोटात गेलेलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनंतरही शरीरात असतं.

बर्फ आणि व्यायाम : झोपायच्या आधी टॉवेलमध्ये गुंडाळलेला कोल्ड पॅक पंधरा-वीस मिनिटं. चालण्याचा मोठा राउंड संध्याकाळी लवकर, रात्री फक्त घोट्याचे हलके व्यायाम.

झोप आलीच नाही तर : निद्रानाशावरच्या समुपदेशनात एक नियम असतो. झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठा. पण वॉकर घेऊन अंधारात घरभर फिरायचं नसतं! आम्ही त्यावर तोड काढली. पलंगाशेजारी हाताची उंच खुर्ची आणि मंद दिवा. वीस मिनिटं तळमळलो, की त्या खुर्चीत बसायचं आणि हळू आवाजात जुनी गाणी ऐकायची. मोबाइल दुसऱ्या खोलीत. रात्री वेळ बघायची नाही. २.४७ आहे हे कळल्याने कुणाला झोप लागलीय का?

रात्रीचा रस्ता : वॉकर पलंगाला टेकून, हाताच्या अंतरावर. बाथरूमपर्यंत नाइट लॅम्प. कमोडवर उंच सीट. पाणी दिवसा भरपूर, रात्री आठनंतर घोटभर. आणि पलंगाशी एक छोटी घंटी, आईच्या देव्हाऱ्यातली! घंटी वाजली की उठायचं, नाही वाजली तर बिनधास्त झोपायचं, असा बायकोशी करार झाला. शनिवारी रात्री तिला सुट्टी, माझ्या सोबतीला भाऊ. सांभाळणाऱ्याची झोप हाही पेशंटच्या रिकव्हरीचाच भाग आहे, हे आम्हाला जरा उशिराच कळलं.

लगेच फोन करा!

रात्रीचं सगळंच दुखणं 'नॉर्मल' नसतं. पोटरी सुजली, दुखली किंवा गरम लागली. अचानक दम लागला, छातीत दुखलं. ताप आला, जखमेतून पाणी-पू आला. पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसला आणि त्यावर भारच देता येईना, तर सकाळची वाट बघू नका. धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सीत. तीन महिने उलटूनही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप नसेल, तर तो स्वतंत्र निद्रानाश समजून डॉक्टरांशी बोला. अशा जुन्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी सीबीटी-आय ही समुपदेशनाची पद्धत वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सुचवलं आहे.

आणि एक सकाळ...

सहा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता चांगल्या बाजूच्या कुशीवर झोपा. मांडीपासून घोट्यापर्यंत मध्ये उशी मात्र हवी." त्या रात्री बायकोने उशी लावून दिली आणि मी दीड महिन्यानंतर पहिल्यांदा कुशीवर वळलो. अहाहा! पुढचं आठवतं ते एकदम कुकरच्या शिटीने. सव्वासात वाजले होते. बायको अजून झोपलेली होती. मी तिला उठवलं नाही. वॉकर मात्र घेतला!

आता मी काठी घेऊन ऑफिसला जातो. अजून एखाद-दुसरी रात्र बिघडते, पण पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. तुमच्या घरी, मित्रांमध्ये किंवा शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर भेटायला जाताना फळं न्याच. 'चालता येतं का?' हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, 'झोप लागते का?' आणि मग तोच प्रश्न त्याच्या बायकोला, आईला, जी कुणी रात्री त्याच्यासाठी उठत असेल तिलाही विचारा.