गंज घासताना श्वासही जपा

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. काही घरांसमोर मात्र वडिलांची किंवा आजोबांची पद्मिनी अजून उभी असते आणि सुटीच्या दिवशी कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन तिचा गंज काढायला बसते. हा छंद चांगला. पण गाडीइतकीच काळजी घासणाऱ्याचीही घ्यावी लागते.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ही क्रिया आणखी वेगाने होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने वरचा रंग फुगतो. असा फुगा दिसेपर्यंत पत्रा आतून बराच खाल्लेला असू शकतो. त्यावर नुसती पुट्टी भरली तर गंज खाली वाढतच राहतो.

म्हणून आधी चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावण लावले की त्याचे लोह फॉस्फेट बनते. हे करताना हातमोजे हवेतच. डब्यावरील सूचनेप्रमाणे धुऊन-पुसून, पत्रा पूर्ण कोरडा करून त्याच दिवशी प्रायमर मारावा. पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे दाराखालच्या पट्टीला किंवा तळाला भोक पडले असेल, तर पुट्टीने बुजवू नये. तिथे जाणकार वेल्डरकडून नवा पत्रा जोडून घ्यावा.

खरा धोका धुळीत आहे. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. त्यामुळे रंग कोरडा न घासता वॉटर पेपरने ओला घासावा. एन-९५ मास्क आणि चष्मा लावावा, मुलांना दूर ठेवावे. धूळ न झाडता ओल्या फडक्याने टिपावी. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. हार्डनर मिसळून फवारायच्या रंगांत आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो आणि साधा मास्क ते अडवत नाही. असा शेवटचा हात गॅरेजमधल्या पेंट बूथमध्येच द्यावा.

पत्रा लागला, तर जखम साबण-पाण्याने धुवून डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वात गंजामुळे नव्हे, तर माती-धुळीतल्या जिवाणूंमुळे होतो. शेवटची लस कधी घेतली, हे काम सुरू करण्यापूर्वीच तपासलेले बरे.