हलक्या रणगाड्याची रचना : मार्क ६ बी
दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिशांनी टेहळणी व वसाहतींतील बंदोबस्त यांसाठी हलके रणगाडे विकसित केले. त्यांपैकी विकर्स मार्क ६ बी सुमारे ५.२ टनांचा होता. ८८ अश्वशक्तीचे मेडोज इंजिन त्यास ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेग देई. चालक, गनर व प्रमुख असे तिघे आत बसत. बिनतारी यंत्रही प्रमुखानेच सांभाळावयाचे, हा भार अवाजवीच होय. भारतासाठीच्या आवृत्तीत बुरुजावरील घुमटी वगळून झडपेत परिदर्शक बसविला होता. खरी उणीव चिलखताची. त्याची जाडी ४ ते १४ मिलिमीटर. रायफलची गोळी अडे, रणगाडाविरोधी तोफेचा गोळा नव्हे. १९४० मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर हे महागात पडले. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातील माटिल्डाचे चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत आहे.