खलिता ओढ्यात गेला: भूमिका घेऊन खेळण्याच्या तऱ्हा

जुलैमधला शनिवार होता. कोळवणला मित्राच्या घरी आम्ही सहाजण जमलो होतो. आजूबाजूच्या खाचरांत भातलावणी चाललेली, वीज दुपारीच गेलेली, आणि मधल्या खोलीत सतरंजीवर कागद, पेन्सिली आणि फाशांची पिशवी. खेळ मी चालवणार होतो. त्यासाठी आठवडाभर बसून चौदा पानं लिहून काढली होती.

गोष्टीचा काळ जून १६६५. पुरंदरचा तह झालाय. शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यायचे आहेत आणि त्या यादीत तिकोनाही आहे. कोळवणहून हाडशीच्या पुढे डोंगर ओलांडला की पलीकडे पवन मावळ, तिथेच हा किल्ला. गड खाली करण्याचा खलिता घेऊन एक जासूद याच खोऱ्यातून भर पावसात निघालाय. पाचजणांनी पाच पात्रं घेतली: जासूद, त्याचा सोबती, गडाचा हवालदार, सबनीस आणि पायथ्याच्या पेठेतला एक वाणी. माझ्या चौदाही पानांची सुरुवात एकाच प्रसंगाने होत होती. हवालदारासमोर खलिता वाचला जातो.

दहाव्या मिनिटाला जासूद झालेला मित्र म्हणाला, "ओढ्याला पूर आहे ना? मग मी थैली पाण्यात सोडून देतो."

## कागदावर काय चालतं

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण खेळ चालवतो. इंग्रजीत त्याला गेममास्टर म्हणतात, पुण्यातली मुलं जीएम किंवा डीएम म्हणतात, मी सूत्रधार म्हणेन. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रं काय करतात ते खेळाडू सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा पडतो. पट असलाच पाहिजे असं नाही. सोंगट्याही लागत नाहीत. कोपऱ्यात बसून आमचं सगळं ऐकत असलेल्या मित्राच्या काकूंनी शेवटी विचारलं, "मग जिंकलं कोण?" कोणीच जिंकत नाही, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे भातुकली." याहून नेमकी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही. भातुकलीत फासे नसतात, एवढाच काय तो फरक.

## उगम एका फसलेल्या बेतात

जासुदाने माझा बेत उधळला तेव्हा मला राग आला होता. पण हा खेळच मुळात अशा उधळलेल्या बेतातून जन्मला आहे. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने नेपोलियनच्या काळातली एक युद्धखेळी मांडली. ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर सैन्य चालून येणार होतं. वेसलीने सेनापतींच्या जोडीला गावातल्या इतर माणसांच्या भूमिकाही वाटल्या. झालं असं, की लढाई बाजूलाच राहिली. खेळाडू आपसांत कारस्थानं करू लागले, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. पटावर नियमाप्रमाणे काहीच घडेना. वेसलीला वाटलं, प्रयोग फसला. खेळाडू मात्र विचारू लागले, पुढचा डाव कधी?

त्या मंडळींतल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाचं जग रचलं. मग गॅरी गायगॅक्स आणि त्याने मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. आज जगभर जे काही शेकडो खेळ या जातीचे आहेत, त्यांचं मूळ तिथे.

## फासा बोलेल ते खरं

एक तऱ्हा पंचाची. सूत्रधाराने जग मांडायचं, त्यातले धोके प्रामाणिकपणे ठेवायचे आणि मग कोणाची बाजू घ्यायची नाही. पात्र मेलं तर मेलं. तिकोन्याच्या दरवाजाजवळच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. पावसात, अंधारात, डोक्यावर पोतं घेऊन वाणी चढत असेल आणि वीस बाजूंच्या फाशावर एक पडला, तर या तऱ्हेत सूत्रधार फासा हाताने झाकून "बरं, वाचलास" असं म्हणत नाही. वीस बाजूंपैकी प्रत्येक आकड्याची शक्यता पाच टक्के. वाण्याने पायऱ्या चढण्याआधीच तिचा विचार करायला हवा होता.

या पंचगिरीचं मूळ आणखी जुनं आहे. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ नियमबद्ध केला. तक्ते, फासे, मोजपट्ट्या आणि मध्ये एक पंच. नियम इतके जड झाले की पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सुचवलं, तक्ते सोडा, अनुभवी पंच म्हणेल तोच निकाल. नियम मोठे की पंचाचं डोकं मोठं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. २००८ मध्ये मॅट फिंचने जुन्या पद्धतीच्या खेळावर एक छोटी पुस्तिका लिहिली, तीत पंचाच्या निर्णयाला छापील नियमापेक्षा वरचं स्थान दिलं. त्या वेळी अमेरिकेत जुन्या तऱ्हेकडे परतणाऱ्यांची एक चळवळच उभी राहत होती.

माझ्या मते नवख्या मंडळींना ही तऱ्हा सर्वांत लवकर कळते. क्रिकेटमध्ये पंच असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

## रुळावरची गाडी

शनिवारी मी जे केलं ती दुसरी तऱ्हा, आणि तिला इंग्रजीत नावही आगगाडीच्या रुळांवरूनच पडलं आहे. थैली ओढ्यात पडली, तर मी म्हणालो ती मेणकापडात गुंडाळलेली होती आणि खालच्या दगडाला अडकली. जासुदाने ती काढून फाडली, तर मी म्हणालो हवालदाराकडे दुसऱ्या वाटेने नक्कल पोचलीच आहे. सोबती म्हणाला, मग आम्ही गडावर जातच नाही. मी म्हणालो, वाटेत गडाची गस्त भेटते आणि तुम्हाला वर घेऊन जाते.

अर्ध्या तासात माझी चौदा पानं सुरू झाली. बोलत होतो मी एकटाच. रात्री जेवताना पिठल्याबद्दल बोलणं झालं, पावसाबद्दल झालं, खेळाचा विषय कोणी काढला नाही.

तेव्हा वाटलं, चूक गोष्ट आधी ठरवण्यात आहे. रविवारी सकाळी दात घासताना सिंधुदुर्गातला दशावतार आठवला आणि ते मत बदललं.

## दशावतारी काय करतात

दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेला रात्री दशावतार लागतो. आधी गणपती, सरस्वती, संकासुर अशी सोंगं येतात, मग आख्यान. परंपरेने या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं, राजा कोण, राक्षस कोण, कोणामागून कोणी यायचं, एवढं ठरतं आणि नट रंगायला बसतात. पुढचे संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. एक बाकडं सिंहासनही होतं आणि गरज पडली तर आणखी काहीही. बाजूला पेटी, पखवाज, झांज. समोरचा नट लांबण लावू लागला की दुसऱ्याने त्याला कसं आवरायचं, हेही तिथेच सुचायला हवं.

आता यात शेवट तर पक्का असतो. राक्षस मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी रात्र कंटाळवाणी होत नाही, कारण शेवट कोणी लपवलेला नसतो. मरण्याआधी राक्षस काय बोलतो आणि राजा त्याला काय उत्तर देतो, ते ऐकायला लोक जागतात. आपल्याकडच्या तमाशातली बतावणीही अशीच. तिच्यात सोंगाड्याला विषय दिलेला असतो, शब्द त्याचे.

मी शेवट लपवला होता आणि निवड खुली असल्याचं सोंग केलं होतं. रविवारी सगळ्यांना सरळ सांगितलं: तिकोना मोगलांच्या हाती जाणार. इतिहासात गेलाच आहे, १६७० मध्ये परतही आला. खलिता बुडवा, जाळा, तहाची बातमी पोचणारच. प्रश्न एवढाच, की गड सोडण्याच्या आदल्या रात्री तुम्ही पाचजण काय करता?

हवालदार झालेली मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग ती सबनिसाला म्हणाली, "सबनीस, अंबारखान्यातलं धान्य कागदावर किती आहे आणि खरंच किती आहे?" सबनिसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. वाण्याने मान खाली घातली. हे माझ्या चौदा पानांत कुठेच नव्हतं. धान्याची अफरातफर त्या दोघांनी तिथल्या तिथे नजरेने ठरवली होती.

पुढचा पाऊण तास एकही फासा पडला नाही.

## खेळून बघू

तिसऱ्या तऱ्हेत सूत्रधारालाही पुढचं माहीत नसतं आणि ते माहीत नसणं हाच नियम असतो. २०१० साली व्हिन्सेंट बेकर आणि मेग्वे बेकर यांच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड' या खेळाने ही पद्धत रुजवली. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते. सहा किंवा कमी आली तर सूत्रधार काहीतरी अडचण आणतो. सात ते नऊ आले तर काम होतं, पण किंमत मोजून.

गंमत या मधल्या पट्ट्यात आहे. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी पंधरा सात ते नऊमध्ये येतात, दहा किंवा त्याहून जास्तमध्ये फक्त सहा. म्हणजे कौशल्याची भर घातली नाही तर निखळ यश दुर्मीळच. आम्ही जासुदाचा ओढा याच रीतीने पुन्हा खेळलो. या वेळी त्याला थैली वाचवायची होती. बेरीज आठ. मी विचारलं, "थैली वाचली. काय गेलं?" तो म्हणाला, "सोबत्याचा हात सुटला." सोबती झालेला मित्र चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "सुटला की सोडलास?"

## सूत्रधाराविना

काही खेळांत चालवणारा नसतोच. जेसन मॉर्निंगस्टारचा 'फियास्को' २००९ चा. त्यात महत्त्वाकांक्षी आणि अविचारी माणसांची वाताहत सगळे मिळून रंगवतात. बेन रॉबिन्सचा 'मायक्रोस्कोप' २०११ चा. त्यात एकेक जण एका आख्ख्या कालखंडाचे तुकडे मांडत जातो, मागेपुढे उड्या मारत. बोलक्या मंडळींत हे खेळ छान जमतात. लाजाळू मंडळींत भयाण शांतता पसरते, अनुभवाने सांगतो.

## बसणाऱ्यांचे स्वभाव

एकाच सतरंजीवर बसलेल्यांना एकच गोष्ट हवी असते असं नाही. ग्लेन ब्लेको याने १९८० मध्येच खेळाडूंचे चार कल सांगितले होते: पात्र जगणारे, गोष्टीत रमणारे, डावपेच लढवणारे आणि आपलं पात्र बलवान करण्याचा ध्यास असलेले. २००२ मध्ये रॉबिन लॉजने सूत्रधारांसाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तकात ही यादी आणखी फोडली. त्यात कोपऱ्यात बसून नुसता सहवास हवा असणाऱ्यालाही मान दिलाय, ते मला फार आवडलं. आमच्यातला वाणी तसाच. दोन दिवसांत जेमतेम वीस वाक्यं बोलला असेल, पण पुढच्या वेळी कधी भेटायचं हे सगळ्यांत आधी तोच विचारतो.

जासूद डावपेचवाला. त्याने थैली पाण्यात टाकली ती मला छळायला नव्हे. निरोपच पोचला नाही तर गड वाचेल, असा त्याचा सरळ हिशेब होता. मी त्याला विचारलं असतं तर शनिवार वाया गेला नसता.

## आधी बोलून घ्या

अनुभवी मंडळी पहिल्या बैठकीत खेळतच नाहीत, नुसतं बोलतात. पात्र मरू शकतं का? शेवट ठरलेला आहे का? कोणते विषय नकोत? शेवटच्या प्रश्नासाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलसने सुचवलेली एक साधी सोय आहे. मध्ये एक कार्ड ठेवायचं, त्यावर फुली. नको तो विषय निघाला की कोणीही त्याला हात लावायचा, आणि कारण न विचारता प्रसंग पुढे न्यायचा. ऐतिहासिक गोष्ट खेळताना आम्ही आणखी एक अट घालतो: महाराजांची भूमिका कोणी घ्यायची नाही. त्यांचा फक्त निरोप येतो. यामागे धाक नाही. प्रत्येकाच्या मनात महाराज वेगळे असतात आणि मग खेळ सोडून वाद सुरू होतो.

२०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या अमेरिकी कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-कलाकार हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळतात. तो पाहून आलेल्या नव्या मुलांना वाटतं, सूत्रधाराला दहा आवाज काढता आले पाहिजेत. माझ्या वाट्याची सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. कोणी तक्रार केलेली नाही.

## सुरुवात करायची तर

चार-पाच माणसं, तीन तास आणि फासे. वीस बाजूंचा फासा नसेल तर सापशिडीतले दोन चालतात, वर सांगितलेली बेरजेची पद्धत त्यांवरच आहे. नियमांचं म्हणाल, तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच प्रकाशक कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय दिलं की कोणीही तो मराठीत आणून छापू शकतो.

आम्ही थोडं भाषांतर सुरू केलं आहे. हल्ला, बचाव, चपळाई इथपर्यंत सोपं गेलं. संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशापाशी, म्हणजे 'सेव्हिंग थ्रो'पाशी, मात्र सगळे अडलोय. तूर्त सूत्रधार फासा पुढे सरकवतो आणि म्हणतो, "वाचतोयस का बघ."