बेलतेलाचा डबा अर्धा ठेवू नका

किनवटच्या सागवानी दाराला एक हात मारून उरलेलं बेलतेल वर्षभराने उघडावं, तर वर चिवट साय आणि खाली काकवीसारखं दाट तेल. नांदेड-लातूरकडे याचा दोष बहुधा भेसळीवर जातो. भेसळ असतेही, पण असं घट्ट होणं हा अस्सल तेलाचाच गुण आहे. बेलतेल म्हणजे प्रक्रिया केलेलं जवसाचं तेल, आणि ‘लातूर जवस ९३’ हे वाण देणाऱ्या या भागाला जवस नवा नाही. या तेलात निम्म्याच्या आसपास असलेलं लिनोलेनिक आम्ल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात. तेल लाकडावर वाळतं ते याच रीतीने, उडून जाऊन नव्हे. बेलतेलात तर वाळण्याचा वेग वाढवायला कोबाल्ट, मँगनीजचे क्षार मिसळलेले असतात. फळीवर हवं असलेलं काम डब्यातच सुरू होतं, म्हणून सांभाळायची ती तेलावरची रिकामी जागा.

झाकण घट्ट लावलं की झालं, असं कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. एक लिटरच्या अर्ध्या डब्यातल्या हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम ०.१४ ग्रॅम. तेवढ्याने सगळं तेल दाटत नाही, हे खरंच. पण साय धरायला तो पुरतो आणि दर उघडझापीला ताजी हवा भरते. त्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पत्र्याखालच्या डब्यातली हवा फुगून सैल झाकणातून बाहेर पडते, रात्री गारव्याला नवी आत येते. प्लास्टिकची बाटली पोटात दबलेली दिसली, तर तेलाने आतला ऑक्सिजन गिळला असं समजावं. उरलेलं तेल गडद काचेच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावं. शेवटची बाटली भरत नसेल तर धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणावी. बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात.

दाटलेलं तेल टर्पेंटाइनने पातळ करता येतं, मग एवढा खटाटोप कशाला? पातळ होतं, पण जुळलेले रेणू सुटत नाहीत. असं तेल लाकडात नीट मुरत नाही, वर चिकट राहतं. मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण वर्षाला पाव डबा लागणाऱ्याने लहानच घ्यावा. नुसती साय आली असेल तर ती न ढवळता काढून तेल गाळून घ्यावं. गाळलेलं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेट घेतं. ते लगेच पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेरी पसरा.