कंदकूज आणि बाविस्टिनचा भरवसा

सुरतच्या नवागाम-डिंडोलीत राहून खानदेशातली शेती फोनवरून सांभाळणारी बरीच मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यात शेडनेट किंवा पॉलिहाउसमध्ये हळद-आलं लावणाऱ्यांकडून एकच तक्रार सतत ऐकू येते: "कंदकूज दिसली, बाविस्टिनची आळवणी केली, तरी प्लॉट बसला. औषध डुप्लिकेट होतं."

औषध अस्सल असतं तरी प्लॉट बसलाच असता!

गैरसमज : कंदकूज म्हणजे बुरशी आणि बुरशीला बाविस्टिन.

वस्तुस्थिती : हळद-आल्याच्या कंदकुजीचं मुख्य कारण पिथियम. ते बुरशीसारखं दिसतं, पण खऱ्या बुरशीच्या कुळातलं नाही. त्याचा गट ऊमायसीट्स. बाविस्टिनमधलं कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशींचं विभाजन रोखतं. पिथियमवर त्याचा परिणाम होत नाही. फ्युजेरियमवर ते चालतं. राल्स्टोनिया या जिवाणूवर किंवा सूत्रकृमींवर नाही. उलट जमिनीतली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मात्र त्यानं मरते. म्हणजे शत्रू शाबूत आणि राखणदार ठार. शिवाय हा कंद लोक औषध म्हणून खातात; त्यात रसायनाचे अवशेष नकोत. युरोपीय संघात कार्बेन्डाझिमची मान्यता २०१४ मध्येच संपली आहे.

म्हणून आधी झाड उपटून बघा. कंद मऊ, पाणचट, दुर्गंधीयुक्त असेल तर संशय पिथियमवर. खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. दुधाळ धागे उतरले तर जिवाणूजन्य मर. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. खात्रीसाठी नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्या. पिथियम ठरलं तर रोगट झाड मातीसकट काढा आणि आजूबाजूला मेटॅलॅक्झिलयुक्त औषधाची आळवणी करा. प्रमाण लेबलवर बघूनच.

आणखी काही गैरसमज : "पॉलिहाउसमध्ये जमिनीतले रोग येत नाहीत." छत पाऊस अडवतं, मातीतली रोगबीजं नाही. तेच पीक, तीच गादी, उबदार ओल: रोगाला आणखी काय हवं?

"ट्रायकोडर्मानं सडलेला कंद सुधारतो." नाही. तो लागवडीपूर्वी, कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यायचा.

"झाड मलूल झालं, पाणी वाढवा." मूळ सडलंय, पाणी ओढणार कोण? जास्त ओल पिथियमच्याच पथ्यावर पडते.

"बेणं वरून चांगलं दिसतंय." रोग बेण्यातूनही येतो. निरोगी प्लॉटचंच बेणं घ्या.

"लागवडीआधी उन्हानं गादी तापवून रोगबीजं मारायला काळं प्लास्टिक." पारदर्शकच हवं; ऊन त्यातून मातीपर्यंत पोहोचतं. इस्रायलमध्ये काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली. कोळिकोडची भारतीय मसाला पिके संशोधन संस्था रोगप्रवण जागी ओलावलेल्या गाद्या ४० दिवस झाकायला सांगते.

मेअखेरीस लागवड असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत प्लास्टिक अंथरलेलं हवं. कंदकुजीशी खरी लढाई तेव्हाच असते. पीक पिवळं पडल्यावर उरतं ते फक्त नुकसान आवरणं.