परवलीचा शब्द बरोबर, तरी दार बंद!

समजा तुम्ही मुळशी तालुक्यात पौडला राहता. घरातल्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याची डिस्क कूटबद्ध केलेली आहे, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय तिच्यावरचे काहीच वाचता येत नाही. आजोबांकडून ऐकून टिपलेल्या १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाच्या हकिकती तिच्यातच आहेत, दुसरी प्रत नाही. काल तुम्ही हौसेने परवलीचा शब्द बदलून मराठीत 'मुळशी' असा ठेवलात. (गावाचे नाव कोणीही ओळखील, तेव्हा खरोखरी असे करू नका.) आज लॅपटॉप सुरू करताना त्याच कळा दाबता आहात आणि तो प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो आहे. आता?

कोणीतरी सांगेल, "डिस्क पुसून नव्याने लिनक्स भर." तसे मुळीच करू नका. आधी आपला शब्द आत पोहोचतो कसा, ते पाहू या.

कळफलक अक्षरे पाठवत नाही. अमुक कळ दाबली, एवढेच तो सांगतो. त्या कळेचे अक्षर कोणते, हे संगणकात निवडलेली मांडणी ठरवते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी आहे. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ती दिलेली आहे. तिच्यात 'म' इंग्रजी 'सी'च्या कळेवर, उकार 'जी'वर, 'ळ' शिफ्टसह 'एन'वर, 'श' शिफ्टसह 'एम'वर आणि दीर्घ वेलांटी 'आर'वर येते. गंमत म्हणून मराठी मांडणी चालू ठेवून एम, यू, एल, एस, एच, आय या कळा दाबून पाहा. पडद्यावर 'सहतेपग' उमटेल!

डिस्क उघडण्यापूर्वी मात्र पूर्ण लिनक्स जागे झालेले नसते. मेमरीत एक छोटे, तात्पुरते लिनक्स असते. दार उघडण्यापुरतेच सामान त्याच्याजवळ असते आणि मांडणी बहुधा अमेरिकन इंग्रजी. म्हणून तुमच्या पाच कळांचे तिथे होते सी, जी, मोठा एन, मोठा एम, आर. तुमच्या लेखी शब्द तोच. पण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'मुळशी'चे १५ बाइट होतात आणि या इंग्रजी अक्षरांचे अवघे ५. संगणक पाहतो ते बाइट.

बरे, 'थोडे चुकले' असे तरी तो का सांगत नाही? लिनक्सवरची नेहमीची पद्धत म्हणजे लक्स. २००४ मध्ये क्लेमेन्स फ्रुविर्थ यांनी ती तयार केली. तिच्यात तुमचा शब्द कुठेही लिहून ठेवलेला नसतो. तो घुसळून त्याची एक किल्ली बनते आणि त्या किल्लीने डिस्कची मुख्य किल्ली ठेवलेला कप्पा उघडतो. एका बिटाचा फरक पडला तरी घुसळून निघते ते पार निराळेच. चोराला भराभर लाखो शब्द वापरून पाहता येऊ नयेत म्हणून हे काम मुद्दाम सावकाश होते, साधारण दोन सेकंद. तेवढा उशीर लागला म्हणून घाबरू नका.

मग उपाय? आधी कॅप्स लॉक पाहा. कळफलक मुळीच दाद देत नसेल, तर त्या छोट्या लिनक्सकडे यूएसबीचा चालक नसेल. लॅपटॉपचा स्वतःचा कळफलक वापरून पाहा. तरी जमले नाही, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, मराठी मांडणी निवडा आणि 'मुळशी' देऊन डिस्क उघडा. उघडली? मग डिस्क ठणठणीत आहे. आता साध्या इंग्रजी अक्षरांचा दुसरा, लांबलचक शब्द तिला जोडा. लक्सच्या नव्या आवृत्तीत ३२ पर्यंत कप्पे असतात आणि प्रत्येकात तीच मुख्य किल्ली निराळ्या शब्दाने बंद केलेली असते. म्हणून शब्द जोडताना सगळी डिस्क पुन्हा कूटबद्ध करावी लागत नाही. नव्या शब्दाने लॅपटॉप एकदा सुरू होईपर्यंत जुना काढू नका.

हे कप्पे डिस्कच्या आरंभीच्या सुमारे १६ मेगाबाइटांत असतात. डिस्क पुसताना नेमका हाच भाग जातो. मग अचूक शब्दही कामाचा नाही आणि सत्याग्रहाच्या हकिकती कोणीही परत आणू शकत नाही. तेव्हा डिस्क उघडताच 'लक्सहेडरबॅकअप' या आज्ञेने त्या भागाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मात्र ती कुलपात ठेवा. तिच्यात 'मुळशी'चा कप्पाही आहे, आणि उद्या तुम्ही डिस्कवरून तो काढलात तरी प्रतीतला कप्पा त्या शब्दाने उघडतच राहील.